स्टुलावरचं पोहणं

सकाळपासून मास्तरांचा एक अंगठा तेवढा हलत होता. आजचे रुग्ण, कालचे रुग्ण, अमक्या शहरात किती, तमक्या देशात किती. पोहण्याचा तलाव बंद होऊन दोन महिने झाले होते. निम्म्या गावाला पाण्यात उतरवणारा हा माणूस चार दिवस आंघोळीलाही उठला नव्हता.

"अहो, ठेवा तो फोन," असं सांगून सांगून बायकोची जीभ झिजली होती. आज तिने तेही सोडलं. साथीपेक्षा तिला आता त्यांच्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटत होती.

आकडे वर सरकवता सरकवता मध्येच व्हिडिओ कॉल आला आणि मास्तरांच्या अंगठ्याने तो चुकून उचललाही. पडद्यावर त्यांची सगळ्यात वयस्कर विद्यार्थिनी होती. निवृत्त मुख्याध्यापिका बाई, स्टुलावर पालथ्या.

"मास्तर, तलाव उघडेपर्यंत सगळं विसरून जाईन मी. जरा पाय बघा, बरोबर चालतायत का?"

मास्तरांनी कॉल बंदच केला असता. पण बाईंचे पाय असे काही चालले होते की त्यांना राहवेना.

"बाई, सायकल चालवताय का? गुडघे सरळ! पाय मांडीपासून हलवा, मांडीपासून!"

स्वयंपाकघरात बायकोचा हात थांबला. तलावाच्या पार पलीकडच्या टोकाला पोचणारा हा आवाज घरात निघाला की ती वैतागायची. आज तिला रडूच आलं.

"पायांचं जमेल हो," बाई धापा टाकत म्हणाल्या. "पाण्यात तोंड घातलं की जीव घाबराघुबरा होतो, त्याचं काय? श्वास कोंडतो."

"कोंडायचा कशाला? पाण्यात सोडायचा. हळूहळू."

"हळूहळू म्हणजे किती? मी जन्मभर मुलांना फळ्यावर करून दाखवलं. तुम्ही नुसतं तोंडाने सांगताय."

मास्तर उठले. "अगं, बादलीत पाणी आहे का?"

कशाला, हे बायकोने विचारलंच नाही. बादली काठोकाठ भरून तिने त्यांच्यापुढे आणून ठेवली. मास्तरांनी फोन तिच्या हातात दिला, बनियनवर होते तसेच गुडघे टेकले आणि तोंड पाण्यात बुडवलं. एकेक बुडबुडा वर येत राहिला. बराच वेळ येत राहिला. मग त्यांनी डोकं वर काढलं. वाढलेल्या दाढीतून पाणी गळत होतं.

"समजलं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "परत."

फोन बायकोने अगदी नीट धरला होता. बाईंना सगळं लख्ख दिसलं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"दाखवा की परत," तीही म्हणाली.

मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला.