दाराला पाठ लावून

"दार तोड," कानातला आवाज पुन्हा म्हणाला. नियंत्रण कक्षात बसलेल्या साहेबांचा. यंत्र कानातच बसवलेलं, त्यामुळे ऐकलं नाही असं म्हणायचीही सोय नव्हती.

फौजदार बाई कारखान्याच्या लोखंडी दारासमोर उभी होती. एका स्फोटात तिचे दोन्ही पाय आणि उजवा हात गेला होता. खात्याने पोलादाचे पाय दिले, पोलादाचा हात दिला, धडाला पोलादी कवच बसवलं आणि पुन्हा वर्दी चढवली. डोकं आणि डावा हात तेवढा तिचा उरला. बरोबरचे शिपाई तिला 'रणगाडा' म्हणायचे. तिला ते आवडायचंही.

दारामागे शिलाई करणाऱ्या बायका ठाण मांडून बसल्या होत्या. तळघराला आग लागली तेव्हा त्याला बाहेरून कुलूप होतं. सहाजणी आतच जळून गेल्या. ते कुलूप अजून तळघराच्या जळक्या दाराला लटकत होतं. न्यायाधीश उद्या पाहणीला यायचे होते आणि मालकाला त्याआधी तळघर धुऊन काढायचं होतं.

तिने डाव्या हाताने दार वाजवलं.

"कोण?"

"आई, मी."

आतून आई म्हणाली, "तू बोलतेयस, की ते तुला बोलायला लावतायत?"

रणगाड्याला एकदम हसू आलं. "अजून मीच आहे. पण वेळ नाही. दारापासून लांब हो."

"मी इथून हलायची नाही!"

"अगं, जा म्हणत नाहीये. मी पडणारेय. दार हादरेल."

कानात साहेब कुणाला तरी म्हणाले, "ऐकत नाही ती. हातपायांचा ताबा आपल्याकडे घ्या."

हे एकदा आधी झालं होतं. एका मोर्चात तिची मूठ आपोआप उठली होती, एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर पडली होती आणि तिला नुसतं बघत राहावं लागलं होतं. ते हाड मोडल्याचा आवाज तिच्या झोपेत यायचा.

ती वळली, दाराला पाठ लावली. डाव्या हाताने बरगडीखालचं झाकण उघडलं. बॅटरी निघाली की पाय मेले, आणि खात्याच्या मर्जीशिवाय ते पुन्हा चालू होत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उजवी मूठ वळायला लागली. तिने बॅटरी उपटली आणि समोरच्या गटारात भिरकावली.

सगळं पोलाद धाडकन दारावर कोसळलं.

"लागलं का गं?" आतून आईने विचारलं.

"नाही. बसलेय जरा."

शिपाई धावले. त्यांनी ओढून पाहिलं, पहार लावून पाहिली. एकजण घाम पुसत म्हणाला, "ही तर भिंतच झाली की!" शेवटी नियंत्रण कक्ष सोडून साहेब स्वतः गाडीने आले.

"पुन्हा पाय मिळतील असं समजू नकोस," ते दातओठ खात म्हणाले.

"ठेवा साहेब. तुमचेच होते."

साहेबांनी थोरल्याला बोलावलं. खात्याने घडवलेला तो पहिला यांत्रिक फौजदार. तिला नव्या पायांवर चालायला त्यानेच शिकवलं होतं. तिला उचलू शकेल असा तो एकटाच. तो रस्त्याने आला तेव्हा दुकानांच्या काचा थरथरल्या. शिपाई बाजूला झाले. रणगाड्याने डावा हात दाराच्या कडीत अडकवला आणि घट्ट धरला.

थोरला तिच्यावर वाकला.

"सरक जरा," तो हळूच म्हणाला.

"सरकता येत नाही, दादा."

"उचल तिला!" मागून साहेब ओरडले.

थोरल्याचा हात तोवर स्वतःच्या बरगडीखालच्या झाकणावर गेला होता.

"असू दे," तो म्हणाला. "मी या बाजूला बसतो."