पांढरा धूर

"उघडा ती भट्टी, अबू शाहीन," नुहाद म्हणाली. काका म्हणाली नाही. सख्खा काका असूनही, बाप गेल्यापासून ती त्याला परक्यासारखी नावानेच हाक मारत होती.

म्हातारा फावड्यावर रेलून उभा होता. त्याच्या मागे कोळशाची भट्टी होती. अशा भट्टीत ओकच्या ओंडक्यांची गोल रास असते, वरून पाला, त्यावर ओल्या मातीचा जाड लेप. शेंड्याच्या भोकातून धूर निघत होता. पांढरा धूर.

भोवती जमलेल्या गावकऱ्यांना तोच खुपत होता. अक्कारच्या या डोंगरात शेंबडं पोरही सांगेल की लाकूड ओलं असेपर्यंत धूर पांढरा, आणि कोळसा होत आला की निळा. ही भट्टी समोरचा उतार जाळून गेलेल्या वणव्याच्या आधी पेटली होती. एव्हाना तिचा धूर निळा व्हायला हवा होता. अजून पांढरा आहे, म्हणजे आत नवं लाकूड गेलंय. ते कुठून आलं असेल? समोरच्या उतारावर अर्धवट जळलेले ओक उभे होतेच.

"आधी वणवा लावायचा, मग जळकं लाकूड फुकट उचलायचं. जुनी युक्ती आहे," गावचा कारभारी, मुख्तार फव्वाझ म्हणाला. "माझ्या बायकोने स्वतः पाहिलंय तुला त्या दिवशी. जळत्या उताराकडून येत होतास. तोंड काळं, हातात दाताळं. कोळसा उगाळावा तितका काळाच, दुसरं काय!"

मुख्तारच्या हुक्क्यावर सकाळी याच म्हाताऱ्याचा कोळसा फुलला होता. पण ते आता कोण काढणार?

नुहाद गावच्या शाळेत शिकवायची. झाडं हवेतला कार्बन ओढून घेतात, त्याचं लाकूड करतात, पानं गळून थोडा मातीत मुरतो. आपण जाळलं की तो सगळा परत हवेत. एवढं ती दरवर्षी फळ्यावर काढायची, एक बाण खाली, एक बाण वर. पूर्वी हे देणंघेणं जंगल आपलं आपण जुळवायचं, ती पोरांना सांगायची. आता वरचा बाण फार जाड झालाय. म्हणून हवा तापते, ऑक्टोबर कोरडा जातो आणि एका ठिणगीत डोंगर पेटतो. घर उबवायचं डिझेल परवडेनासं झाल्यापासून गावातल्या प्रत्येक शेगडीत ओकच जळत होता, तिच्या घरातही. पण डोळ्यांसमोर एक कोळसेवाला असला की बाकीचे सगळे धुतल्या तांदळाचे ठरतात.

आणि तिचा राग नुसता जंगलासाठी नव्हता. तिचा बाप वारला तेव्हा त्याच दुपारी नमाजानंतर दफन झालं. सगळा गाव खांदा द्यायला आला. सख्खा भाऊ आला नाही. त्याची भट्टी पेटलेली होती. पेटलेली भट्टी सोडायची नाही, हा कोळसेवाल्यांचा नेम. लेप तडकला आणि हवा आत शिरली की कोळशाची राख होते. नुहादला हे कारण ठाऊक होतं. तिने ते कधीच माफ केलं नाही.

"उघडायला सांगतेय ना!"

"आज नको, पोरी," म्हातारा म्हणाला. "या सगळ्यांसमोर तर नकोच."

"का? काय लपवलंय आत?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. म्हातारा कुणाच्याच नजरेला नजर देईना. मुख्तारने मागे वळून लोकांना डोळा मारला. चोरीचं लाकूड निघालं तर म्हाताऱ्याला तुरुंग होता, आणि डोंगर कायमचा बंद.

नुहादने त्याच्या हातातलं फावडं हिसकावलं आणि मातीत घातलं.

लेप ढासळला. शेंड्याखाली ओला पाला धुमसत होता, पांढरा धूर त्याचाच होता. त्याच्या खाली ना ओंडके, ना कोळसा. जमिनीपर्यंत नुसती राख, ढीग करून वरून पुन्हा लिंपलेली. मऊ, करडी, आतून केव्हाच थंड झालेली. झाडांनी पिढ्यान्‌पिढ्या हवेतून जमवलेलं सगळं परत हवेत निघून गेलं होतं.

राख म्हणजे काय, हे या डोंगरात कुणाला समजवावं लागत नाही. पेटलेली भट्टी सोडून अबू शाहीन कुठेतरी गेला होता. बराच वेळ गेला होता.

"कधी सोडलीस?" मुख्तारने हळूच विचारलं.

नुहादची नजर बाजूला पडलेल्या दाताळ्यावर गेली. त्याचे दात वाकले होते. दांडा अर्धा जळला होता.

वणवा भरदुपारी आला होता, शाळा भरलेली असताना. वाऱ्याने धूर असा दाबला की पोरांना बाहेर काढायला वाट उरली नाही. नुहाद त्यांना घेऊन आत बसून राहिली. आग मागच्या भिंतीपाशी येऊन थांबली. तिथे कुणीतरी पाला खरवडून मातीचा रुंद पट्टा ओढला होता. ही अग्निशमनवाल्यांची करामत, असं मुख्तारने ठरवून टाकलं आणि त्यांना मिठाईचं ताट पाठवलं. ते आले होते संध्याकाळी, पण मिठाई त्यांनी कुरकुर न करता खाल्ली.

तो पट्टा नुहादला आता डोळ्यांसमोर दिसला. ओली माती, थापून थापून बसवलेली. भट्टी लिंपतात तशी.

"मग हे सोंग कशाला, काका?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"राख दिसली की तू विचारणार. बापाच्या मातीला सुटली नाही ती भट्टी त्या दिवशी कशी सुटली म्हणून."

नुहादच्या ओठांवर तोच प्रश्न होता. तिला रडू फुटलं.

म्हाताऱ्याने तिच्या हातातून फावडं काढून घेतलं.

"तो गेलेला होता, पोरी," तो म्हणाला. "तू आत होतीस."