गरजूंचा फोटो

शहरातल्या प्रतिष्ठाननं रूपालीला युवा नेतृत्व पुरस्कारासाठी निवडलं. धुणीभांडी करणाऱ्या बायकांचा तिचा साक्षरतावर्ग गळक्या पत्र्याखाली भरायचा. आता त्याला प्रतिष्ठानकडून पक्की खोली मिळणार होती. समारंभाला बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. फोटोआधी प्रतिष्ठानचे व्यवस्थापक रूपालीकडं कुरकुरले, “मॅडम, ह्या गरजू वाटतच नाहीत. देणगीदारांना काय दाखवू?” साठीची कडूबाई उसळली, “मंग भांडी घासायच्या लुगड्यात यायचं व्हय, साहेब?” बायका खिदळल्या. साहेब हसले नाहीत. “निदान आजींची माळ काढा. खोली फोटो बघूनच मंजूर होते.” माळ गुलमंडीच्या बाजारातली, खोट्या सोन्याची. रूपाली घुटमळली. कडूबाईनंच मान वाकवली. “काढ गं पोरी. लई दिवस गळक्यात बसलो.” रूपालीनं गाठ सोडली. खोली मिळाली. तो फोटो भिंतीवर लावायची अटच होती. कडूबाई त्या भिंतीकडं पाठ करूनच बसते. शिकवताना रूपालीला मात्र तो समोरच दिसतो.