ओरिजिनल कार्बोरेटर

बाबांच्या जुन्या कॉन्टेसाचा कार्बोरेटर चार वर्षांपूर्वी चोरीला गेला. दुसरा बसवू म्हटलं तर, "ओरिजिनलच हवा." मग दर रविवारी मी वारज्याला जायचो, त्यांना घेऊन भंगाराची दुकानं पालथी घालायचो, त्यांच्याबरोबर जेवायचो आणि परत यायचो. हडपसर तेवढं त्यांना लांब पडायचं.

शेवटी मी एकटाच हडपसरला गेलो. सर्जेराव भंगारवाल्याकडे तो मिळाला. साफ करून बसवला. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली आणि बाबांचा चेहरा पडला.

"सुटलो," मी म्हणालो. "आता रविवारचे हेलपाटे बंद."

गुरुवारी त्यांचा फोन आला. "दिग्विजय, गाडीची चाकं चोरीला गेली. चारही. रविवारी येतोस ना?"

"बाबा, आता गाडी भंगारातच देऊ," म्हणून मी फोन ठेवला आणि सर्जेरावांना लावला. "कॉन्टेसा घेता का? फक्त चाकं नाहीत."

"चाकं हायती की माझ्याकडं. कालच तुमचे वडील रिक्षातून टाकून गेले. म्हणाले, कार्बोरेटर लवकर देऊन बसलास. आता पोरगा आला की वर्षाला एकच चाक दे. मला तेवढी पुरतील."