कोरी चादर

सोलापुरात विमान बदलायची अक्कल माझ्या नवऱ्याची, महेश्वरची. मधल्या वेळात गाव बघून होईल म्हणे. रणरणत्या उन्हात बघून झालं ते चादरीचं एक दुकान.

तिथं त्यानं मुंबईला घरी असलेल्या आईसाठी चादर घेतली, तिला न सांगता. पिशवी देताना दुकानातल्या बाई म्हणाल्या, "ज्यांच्यासाठी घेतलीय त्यांनाच घडी मोडू द्या की. तुमी मोडू नका."

परत विमानतळावर आलो, तर पुढचं विमान लांबलेलं. एसी असा की माझे दात वाजायला लागले.

"चादर काढू नकोस हं, आईची आहे," महेश्वर म्हणाला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी प्लास्टिक फाडलं, घडी मोडली आणि चादर पांघरली.

ती आतून ऊबदार होती. नुकतीच कुणाच्या तरी अंगावरून काढल्यासारखी. काठाला खोबरेल तेलाचा वास येत होता.

"उन्हातून आणलीय ना," महेश्वर म्हणाला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सासूबाई होत्या. आवाज झोपेतला, चिडका.

"आत्ता कुठं डोळा लागला होता, अंकिता. नवी चादर अंगावरून ओढून का नेलीस?"