लाँड्रीतली जागा

दार मावशींनीच उघडलं. भर दुपारी, ऐन कामाच्या वेळी त्या घरात होत्या. म्हणजे त्यांना कामावरून काढल्याचं ऐकलं ते खरं होतं.

"ये. पास झालीस ना?"

मुलगी दारातच थबकली. कॉलेजच्या एका विषयासाठी ती तीन महिने हॉस्पिटलच्या लाँड्रीत जात होती. तिथलं काम मावशींनीच तिला दाखवलं होतं. चादरींत राहून गेलेल्या सुया, रक्ताने कडक झालेले अभ्रे, आणि ते उघड्या हातांनी निवडणाऱ्या बायका. तिने अहवाल लिहिला. पहिल्याच पानावर एका हाताचा फोटो लावला, बोटाबोटावर टोचल्याच्या खुणा असलेला. अहवाल वाचून दाखवला त्या दिवशी हॉस्पिटलचे व्यवस्थापक पाहुणे म्हणून आले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

"वर्गात पहिली आले," ती पुटपुटली. "मावशी, फोटोत तुमचा चेहरा नव्हता हो. मला वाटलं..."

"वीस वर्षं याच हाताने त्यांच्यासमोर हजेरीपुस्तकावर सही केली. ही वाकडी करंगळी दुसऱ्या कुणाची म्हणून मी सांगणार होते?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मी उद्या त्यांना जाऊन भेटते. कॉलेजातले सर म्हणतात, यातूनही शिकायला मिळतं. पण मी गप्प बसणार नाही."

"बायकांना हातमोजे मिळाले का गं?"

"मिळाले. सोमवारी."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

मावशींनी मान हलवली. "मग तोंड उघडू नकोस. चिडले तर तेवढंही काढून घेतील."

मुलीला रडू फुटलं. मावशींनी तिला रडू दिलं. मग आत जाऊन एक रेघांचा कागद आणला आणि तिच्यापुढे ठेवला.

"झालं असेल रडून तर एक अर्ज लिही. तुझं अक्षर सुरेख आहे. माझी जागा अजून भरलेली नाही, ती माझ्या लेकीसाठी माग. लग्नानंतर तिचं आडनाव बदललंय, कुणाला कळायचं नाही."

मुलीने डोळे पुसले, पेन उघडलं. मावशी सांगत गेल्या तसं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. शिक्षण, सातवी. मग तिने मान वर केली.

"वय?"

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुझ्याएवढीच आहे."