सदतीस अंश

धुळ्याच्या भंगार बाजारातून भाईदासने तो जुना सर्किट बोर्ड आणला. स्पिरिटने पुसून चिपवरचा ८०८५ हा नंबर वाचला, नवा प्रोग्रॅम भरला आणि चोपड्याच्या तोतारामनानांच्या केळी पिकवायच्या खोलीला तापमान दाखवायला तो बसवून दिला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी नानांनी त्याला बोलावून घेतलं. खोली गार होती. आतलं पाऱ्याचं थर्मामीटर अठरा दाखवत होतं. दाराबाहेरचे लाल आकडे मात्र सदतीसवर होते.

"एवढी ऊब मानूसना आंगले ऱ्हास," आत डोकावत नाना म्हणाले. "मझार कोनी शे का?"

भाईदास हसला आणि वायर तपासायला एकटाच आत गेला. घडांच्या मधोमध लोंबणारा सेन्सर त्याने चाचपला. तो कोमट होता, किंचित ओलसर. कुणी आत्ताच मुठीतून सोडावा तसा.

"नाना, मी मुठमा धरस. आकडा सांगा!"

हाताच्या उबेत आकडा सदतीसवरून हलायला नको होता.

"उतरी राह्यना," बाहेरून आवाज आला. "तीस... पंचवीस..."

भाईदासने मूठ घट्ट आवळली.

"अठरा! आते बठ्ठं बरोबर शे. भायेर ये."

भाईदासने मूठ सोडली नाही. ऊब आहे का पाहायला दुसरा हात तो हळूहळू स्वतःच्या गालाकडे नेत होता.